दसऱ्याला पुजलेला लॅपटॉप

"बाबा! यात कोण टाइप करतंय? मी हातसुद्धा लावलेला नाहीये!"

मुलीची ही किंकाळी दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून निघाली ती थेट यमुना ओलांडून सरोजिनी नगरच्या बाजारात पोचली असणार आणि तिथल्या दुकानदारांनी घाबरून कुर्त्यांचे भाव उतरवले असणार. मी अर्धी दाढी तशीच टाकून धावलो. पाहतो तर लॅपटॉपवर पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आपोआप उमटत होते, एकामागे एक, गुळाकडे निघालेल्या मुंग्यांसारखे.

अकरा वाजता तिची मुलाखत होती. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, डिझाइन विभाग, मुलाखत ऑनलाइन. फोनवर भागणार नव्हतं, कारण तिने केलेलं ब्रेकचं डिझाइन पडद्यावर गोल फिरवून दाखवायचं होतं आणि ते सॉफ्टवेअर फक्त याच लॅपटॉपात होतं. कॉलेज संपल्यापासून प्रत्येकाने तिला "कळवतो" म्हणून सांगितलं होतं आणि एकानेही कळवलं नव्हतं. त्यामुळे आदल्या रात्रीपासून पोरगी घरात चालत नव्हती, नुसती घिरट्या घालत होती.

"हॅक झालाय," मी जाहीर केलं. "परदेशातून कुणीतरी घुसलंय. वायफाय काढ!"

वायफाय काढलं. ठिपके चालूच. मी लॅपटॉपला पंख्याखाली धरला, पाठीवर दोन थापा मारल्या. ठिपके चालूच.

"बंद करून चालू कर."

तिने केला. लॅपटॉप गाढवासारखा ओरडला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिने फाडकन एक बटण दाबून ती घालवली. पुन्हा मुंग्या.

"काय लिहिलं होतं गं?"

"कुछ एरर था यार बाबा! मी कंटिन्यू केलं."

यात तिला काय बोलणार? हे आमच्या रक्तातच आहे. मी ज्या सरकारी कचेरीत काम करतो, तिथे पडद्यावर मेसेज आला की आधी ओके दाबायचं आणि मग आरडाओरडा करायचा, अशी रीत आहे. मेसेज वाचत बसलेला माणूस दिसला, तर तो नवीन भरती झालाय असं समजून आम्ही त्याला चहा आणायला सांगतो.

तेवढ्यात हिची आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "अहो, दोघंही बाजूला व्हा. परत चालू कर, आणि खबरदार काही दाबलंस तर."

पुन्हा तो गाढवाचा आवाज. बायकोने चष्मा कोपराने वर सरकवला आणि शाळेतल्या धड्यासारखं वाचलं, "कीबोर्ड एरर. एक की अडकलीये म्हणे."

"कुठली?" आम्ही दोघं एका सुरात.

"ते नाही लिहिलेलं. पुढे जा. त्या ठिपक्यांच्या शेजारी डोळा आहे ना, तो दाब. काय टाइप होतंय ते तरी दिसेल."

मुलीने डोळा दाबला. ठिपक्यांच्या जागी एल, एल, एल, एल, अख्खी पलटण एलची. तिने लॅपटॉप बंद केला, केसांतली पिन उपसली आणि एलच्या खाली घालून उचकटली. बटणाची टोपी उडाली. खाली कुंकवाने लालभडक झालेला तांदळाचा एक दाणा, वाळून सिमेंटसारखा चिकटलेला.

मी दाढीचा साबण पुसू लागलो.

"बाबा. तुम्ही काल माझ्या लॅपटॉपवर तांदूळ टाकले?"

"तांदूळ काय म्हणतेस? अक्षता! दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात आपल्यात."

"पण आहेत तर तांदूळच ना?"

आता मी दसऱ्याला घरातलं काही म्हणता काही सोडत नाही. स्कूटर, मिक्सर, पाना, ड्रिल, गॅसचा लायटर, सगळ्यांना हळद-कुंकू. आपटा इथे मिळत नाही, म्हणून सोसायटीच्या बागेतल्या कचनारची, म्हणजे आपल्या कांचनची, पानंही वाहतो. तर लॅपटॉपने काय घोडं मारलं होतं?

"मी झाकणावरच वाहिल्या होत्या," मी म्हणालो. "आत त्या स्वतःच्या इच्छेने गेल्या."

"झाकण उघडून टचपॅडवर स्वस्तिक काढत होतात तुम्ही," बायको म्हणाली. "मी बघितलंय."

मुलीने दाणा खरवडला, टोपी बसवली, एल चारदा दाबून पाहिला. लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला. तिने मला खोलीबाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. अकराला थोडंच कमी होतं.

पुढचा तासभर मी त्या बोळकांडीत इतका चाललो, की सरळ रेषेत गेलो असतो तर आग्रा लागलं असतं. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. जेवली नाही. मीही, वाढलं होतं म्हणून, थोडंसंच तीनदा जेवलो.

दुपारी तिचा फोन वाजला आणि ती गच्चीच्या जिन्यात गेली. इकडे दारात उभ्या शेजाऱ्यांना मी हिंदीत सांगत होतो, की मशीन कसं पूर्ण खलास झालं होतं आणि मी एका पिनेने त्याचा पुर्जा न पुर्जा खोलून कसा पुन्हा जोडला. शेजारी "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत होते. ती परत आली, आम्हा दोघांच्या मधून वाट काढत सरळ स्वयंपाकघराकडे निघाली.

"अगं, काय म्हणाले? सांग तरी!" मी मागून ओरडलो.

"आई," ती म्हणाली, "सोमवारपासून डबा लागेल. कंपनीची बस लवकर येते."