म्हशीकडून आलेला ताप

दोन वर्षं मला ताप यायचा, आठ-दहा दिवस राहायचा आणि आपोआप जायचा. कंबर आणि गुडघे ठणकायचे. जालन्यात दोन ठिकाणी रक्त तपासलं. टायफॉइड नव्हता, मलेरियाही नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "टेन्शन घेती ही, दुसरं काही न्हाई." हळूहळू मलाही तेच खरं वाटायला लागलं.

मग आमच्या गावी, वडीगोद्रीला, आमची म्हैस दुसऱ्यांदा गाभडली, दिवस भरायच्या आधीच पारडू पडलं. गुरांचे डॉक्टर आले. मला उन्हात पांघरूण घेऊन बसलेली पाहून त्यांनी विचारलं, "वहिनी, मागच्या वेळी म्हशीची वार कोणी उचलली होती?"

"मीच. हातानंच."

"मंग तुम्ही बी जल्दी तपासून घ्या. म्हैस ज्या जंतूनं गाभडती, तो माणसाला बी लागतो."

त्या तपासणीत खरंच जंतू निघाला. त्याचं नाव ब्रुसेला. दीड महिना गोळ्या खाल्ल्या आणि ताप गेला. पण कंबर अजून दुखते, आणि शाळेत शिकवताना रोजचा शब्द मध्येच आठवेनासा होतो.

परवा जालन्याच्या डॉक्टरांना विचारलं, "हे पण त्या जंतूमुळंच का?"

"असू शकतं. नसूही शकतं. तपासणीत तर आता काही दिसत नाही."

बाहेर नवरा गाडी घेऊन उभा होता. "काय म्हणले?"

"बरी झाले म्हणतात," मी म्हणाले, आणि जरा थांबून, "बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

मी गाडीवर बसले.