रावणाचं नाव

मुखवटा तोंडावर चढवण्याआधी रावण त्याच्या पाया पडे. दाभोशाच्या धबधब्यापलीकडच्या एका गावात देवादिकांचे मुखवटे नाचवायचा बोहाडा भरे; त्यात हे सोंग पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होतं, म्हणून त्या वारली माणसाला सगळे रावणच म्हणत. एरवी इतका मऊ, की वाटेत कुत्रं निजलेलं असलं तरी हाच वळसा घालून जाई.

जव्हारच्या शाळेत मी मास्तर. आम्हा कारकून-मास्तरांची हौशी नाटकमंडळी होती आणि नाटककार अर्थातच अस्मादिक! एका दसऱ्याला बाहेरचे पाहुणे यायचे होते. मी प्रहसन खरडलं : लंगोटीतला जंगली आरशात स्वतःला पाहतो, भूत समजून पळतो, साहेबाच्या लाथा खातो आणि वर दात काढून हसतो. त्यासाठी अस्सल माणूस हवा, म्हणून रावणाला बोलावलं. माझी अक्कल तेवढीच.

मी वही वाचून दाखवली. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"मास्तर, याचं नाव काय?"

"नाव कशाला? जंगली."

"सोंगाला नाव असतं. राकेसाला पन असतं. मी पाया पडतो, मंग तो माझे अंगात येतो. याचे पाया कसा पडू? हा तं माझा बाप दिसतो, नि तुमी त्याला लाथा मारून हसवता."

तो निघून गेला. शेवटी मीच काजळी फासून उभा राहिलो. पाहुणे पोट धरून हसले आणि मलाही चेव चढला.

आमचे अध्यक्ष बडे अंमलदार. त्यांना तो नकार झोंबला. त्यांनी गावच्या पाटलाला दम भरला आणि पाटलाने रावणाचा मुखवटा दुसऱ्या घरी दिला.

पुढच्या बोहाड्याला तो मला गर्दीत दिसला. संबळ वाजला तसे त्याचे पाय ताल धरू लागले. नवा रावण समोरून गेला, तेव्हा याने वाकून मुखवट्याला नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पाटलाशी बोलतो," मी म्हटलं.

"नको मास्तर. रावनाला कोनी पन नाचवील. तुमचे त्या मानसाला नाव द्या तेवढं."

पाटलाशी मी बोललो नाही ते नाहीच. दोन पावसाळ्यांनी रावण तापाने गेला. कळलं त्या दिवशी मी प्रहसनाची पानं फाडून चुलीत घातली. उरलेल्या कोऱ्या पानावर निदान याचं तरी नाव लिहावं म्हणून टाक उचलला आणि तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांत त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.