आत्याची कवायत

घरी आलेल्याला आत्या पाणी नंतर विचारायची. आधी तिचा प्रश्न असायचा, "डोंगर खाली आला तर तू कोणाला उचलशील?" एकदा गावातली मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही तिने हेच विचारलं. ते पोहे टाकून उठले नाहीत, एवढंच आमचं नशीब.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात मी मास्तर होतो. नवरा गेल्यावर आत्या तिथेच माहेरी परतली आणि अख्ख्या गावाचीच आत्या झाली. "बायकापोरांना उचलीन," असं कोणी म्हटलं की ती हात झटकायची. "आपली पिल्लं तर मांजर पण उचलतं रे. शेजारचं माणूस सांग." अशी म्हातारी, आजारी, बाळंतीण माणसं तिने एकेका शेजाऱ्याच्या गळ्यात घातली होती.

दर वैशाखात कवायत व्हायची. मी शाळेची घंटा बडवायची आणि प्रत्येकाने आपलं माणूस घेऊन माळावरच्या शाळेत यायचं. मला तो पोरखेळ वाटे.

"आत्या, एवढा मोठा देशसुद्धा संकट आलं की गडबडतो. आपल्या घंटेने काय होणार?"

"देश म्हंजे अशीच गावं ना, गुरुजी? आपलं एक तरी नीट करू."

घोडं अडलं ते किसनपाशी. त्याच्या वाट्याला बायजाआजी आली होती. ती पायाने अधू, घरात एकटी, आणि बांधावरून त्यांच्यात कैक वर्षांचा अबोला.

"तिची पायरी चढणार नाय मी," किसन म्हणाला.

"नको चढू. कवायतीपुरता चढ."

तोंड वाकडं करून त्याने म्हातारीला पाठीवर आणलं. तीही वाटभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पुढच्या वर्षीही तेच.

मग एका श्रावणात पाऊस हटेना. भरदुपारी ओढ्याचं पाणी एकाएकी मातीने लाल झालं, म्हणजे वर डोंगर सुटू लागला होता; ते आत्याने पाहिलं आणि मला घंटा मारायला लावली. माणसं ठरल्याप्रमाणे आली. फक्त किसन आणि बायजाआजी नव्हते. मी धावायला निघालो, तर आत्याने माझं मनगट धरलं. "तुमी घंटा थांबवू नका. त्याचं माणूस हाय, तो आणील."

बऱ्याच वेळाने चिखलातून किसन येताना दिसला. म्हातारीने दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली होती आणि या खेपेला ती शिव्या देत नव्हती. ते शाळेत पोचले आणि मागे डोंगराचा कडा खाली आला. वरची आळी गाडली गेली. माणूस एकही गेलं नाही.

देशाला असल्या संकटांची खरंच तयारी करता येते का, असं आता कोणी विचारलं तर मी हो म्हणतो. वेळ लागेल, पण येते. गावात कवायत अजून होते. किसन घेतो.

आत्या गेल्या वर्षी सापगावला भाच्याकडे वारली. मला ती आठवते ती त्या दुपारची. वरच्या आळीत तिचंही घर होतं. किसनची बायको रडत म्हणाली, "आत्या, घर गेलं गो तुझं."

"घरात कोण होतं?"

"कोणीच नाय."

"मग रडतेस कोणासाठी?" म्हणाली, आणि पदराने बायजाआजीचे पाय पुसायला बसली.