दंडाला पट्टा, पायात जोडवी

बीपी घेताना पेशंटनं बोलायचं नसतं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम बीड जिल्ह्यातल्या नसाव्यात! आमच्याकडं दंडाला पट्टा गुंडाळला की बाईच्या तोंडाचा नळच सुटतो. सासू, नवरा, शेळी, जावेची भांडणं... मी "गप बस गं!" म्हणेपर्यंत निम्मी कहाणी झालेली असते. पाली गावाजवळ आमचं आरोग्य केंद्र. मंगळवारी गरोदर बायांची तपासणी. मी तिथली सिस्टर, सुनीता आमची आशाताई, आणि वर डॉक्टरसाहेब. मंगळवार संपला की पोत्यात भरून न्यावेत इतके किस्से जमलेले असतात.

*

सुरुवात माझ्यापासूनच करते, म्हणजे कुणाला राग नको.

एक पोरगी पहिलटकरीण. बीपी घेतलं तर वाढलेलं. बसवून ठेवली, परत घेतलं, अजूनच वाढलेलं! मी घाबरून डॉक्टरसाहेबांना हाक मारली. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा."

सुनीतानं घेतलं. एकदम नॉर्मल!

मी आत आले तर पोरगी म्हणते, "बाई, तुमी लई चांगल्या हाव. पण तुमचा आवाज ऐकला की माझं काळीजच उडतंय!"

तेव्हापासून मी आधी "जेवलीस का गं?" असं मऊ आवाजात विचारते आणि मग पट्टा गुंडाळते. घरी नवऱ्याशी त्या आवाजात बोलले तर तो विचारतो, "काय पाहिजे?"

*

सुनीताची तऱ्हा वेगळी. ती घरोघरी जाऊन धोक्याची लक्षणं विचारायची. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं अंधारी, चमचम येते का? बरगडीखाली, पोटात वर दुखतं का? हात, तोंड सुजतंय का?

बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "ताई, डोकं दुखतंय, पण सासू गावाला गेली की थांबतंय!"

सुनीता हिरमुसून आली. मग तिनंच युक्ती काढली. आता ती कुणाच्याही घरी गेली की हात हातात घेते आणि बांगड्या वर सरकवून बघते. बोलता बोलता विचारते, "मागच्या महिन्यात सरकत होत्या गं, आता काहून अडकल्या?"

लोकांना वाटतं, आशाताईला बांगड्यांचा नाद लागला. लागू दे! त्या नादापायी किती बाया वेळेवर माझ्यासमोर येऊन बसल्यात.

*

पण सगळ्यांच्या बांगड्या कुठं अडकतात? शबानाचं काहीच अडकलं नव्हतं. सातवा महिना, चेहरा टवटवीत, चाल हरणीसारखी. आणि वरचं बीपी एकशे पन्नासच्या पुढं!

तिचा नवरा आसिफ. रस्त्यावर त्याचं टायर-पंक्चरचं आणि गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. तो मानायलाच तयार नाही.

"सिस्टर, मशीन बिघडली तुमची. हिला काय दुखत न्हाई, खुपत न्हाई. बीपी कशी असंल?"

"आसिफभाई, टायरमध्ये हवा जास्त झाली तर टायर ओरडतं का?"

"न्हाई," तो हसत म्हणाला. "फुटल्यावरच ओरडतं."

आणि बोलता बोलता त्याचं हसू गेलं. शबानाकडं बघत राहिला बिचारा. हळूच विचारतो, "मग थोडी हवा सोडता येत न्हाई का?"

मला इतकी माया आली त्याची! मी सांगितलं, रोजची गोळी चुकवायची नाही, दर मंगळवारी इथं यायचं, आणि हवा खरी सुटायची ती बाळंतपणानंच. तोवर सांभाळायचं. त्या दिवसापासून आसिफ गॅरेज बंद करून बायकोला आणतो आणि दारातूनच ओरडतो, "सिस्टर, आज हवा किती?"

*

आता कोंडाबाई.

कोंडाबाईचं घर मेंढरंवाल्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कपाळ मोकळं, पाय मोकळे, हातात काठी. एका मंगळवारी ती एकटीच आली आणि टेबलावर आपला दंड आडवा टाकला.

"घ्या."

"काय घ्या? मावशी, आज गरोदर बायांचा दिवस आहे!"

"तेच की. माझी सून मंगल, सहावा महिना हाय. ती कोकरापाशी गुंतली. माझं बघा."

"अहो, तिचं बीपी तुमच्या दंडात कसं दिसेल?"

"का न्हाई दिसायचं? एकाच चुलीवरचं खातो आमी!"

बाहेर बसलेल्या बाया हसून हसून बेजार. मी घेतलं तिचं बीपी. काय करणार? अगदी पोरीसारखं निघालं. कोंडाबाई उठली, पदर झटकला, "चांगलं हाय म्हंजी तिचं बी चांगलंच," असं सांगून चालू पडली.

हसले मीही. पण मंगलचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. ते कशानं गेलं, हे कुणी तपासलं नव्हतं. सुनीताला मी त्याच दिवशी तिच्याकडं धाडलं.

*

मंगल आली ती सुनीतानं दोनतीनदा चकरा मारल्यावर, आणि तीही कोंडाबाईच्या मागं मागं. कोंडाबाई कौतुकानं सांगत होती, "बघा बाई, माहेरून आली तवा कशी वाळल्याली काडी होती! आता बघा कशी भरली. तोंड बघा, हात बघा. दूध, तूप, कशाला कमी केलं न्हाई मी."

मंगलचं तोंड भरलं नव्हतं, सुजलं होतं. डोळे बारीक झालेले. पायाच्या बोटात चांदीची जोडवी रुतून बसली होती आणि बोटं निळी पडायला लागली होती.

"डोकं दुखतं का गं?"

"परवापासनं," ती म्हणाली. "आन् तुमच्या तोंडापुढं चांदण्या दिसत्यात."

बीपी एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. मी पट्टा तसाच ठेवून डॉक्टरसाहेबांना हाक मारली. डॉक्टरसाहेब धावत आले. गोळी दिली, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, अॅम्ब्युलन्सला फोन लावला. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता बीडला न्यायचं. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे."

कोंडाबाई आडवी आली. "माझा नामदेव मेंढरं घेऊन माजलगावकडं गेलाय. त्याला येऊ द्या, मग नेऊ."

नामदेवचा फोन लागत नव्हता. मी खूप बोलले. बाई ढिम्म! शेवटी माझा नेहमीचा आवाज निघाला.

"कोंडाबाई! गाभण मेंढी कळप सोडून एकटी उभी राहिली, तिला दिसंना झालं, तर काय करता तुम्ही? मालक यायची वाट बघता?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग सुनेकडं बघितलं. मंगल भिंतीला टेकून डोळे चोळत होती.

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "खांद्यावर घेतो." आणि काठी टाकून ती सुनेजवळ गेली.

आता जोडवी. डॉक्टर म्हणाले, ही आधी काढा, नाहीतर बोट जाईल. तर मंगल रडायलाच लागली. "न्हाई काढायची! ते रानात हायती, वाटंवर हायती. त्यांच्या माघारी पाय उघडे कसे करू? एक बाळ गेलंय माझं, आता आणखी..." तिनं पाय पोटाशी ओढून घेतले. बीपी त्या रडण्यानं अजून चढेल म्हणून माझा जीव खालीवर.

शबानाला घेऊन आसिफ तिथंच होता. न सांगता गाडीच्या डिकीतून बारीक पक्कड घेऊन आला आणि दारात थांबला. "मावशी, हात लावू का?"

"लाव बाबा," कोंडाबाई म्हणाली. "भाऊच हायस तिचा."

मग ती खाली फरशीवर बसली, सुनेसमोर. आपले दोन्ही पाय पुढं पसरले. भेगाळलेले, धुळीचे, कित्येक वर्षं उघडे असलेले पाय.

"आसिफ, तिच्या पायातली काढ," ती म्हणाली, "आन् माझ्या पायात घाल."

मंगलचं रडणं थांबलं. आसिफनं एकेक जोडवं हळूच फाकवून काढलं आणि म्हातारीच्या बोटात बसवून दाबलं.

"घरातनं गेली न्हाईत," कोंडाबाई सुनेला म्हणाली. "चल आता."

*

बीडच्या दवाखान्यात सुनीता सोबत होती. तिनं येऊन सांगितलेलं हे. मंगलचं बाळंतपण आधीच करावं लागलं. मुलगी झाली, मुठीएवढी, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली. कोंडाबाई वॉर्डातून त्या पेटीपर्यंत येरझाऱ्या घालायची. फरशीवर जोडवी वाजायची. मोकळं कपाळ आणि पायात जोडवी! बाया कुजबुजायला लागल्या. एकीला राहवलं नाही. "अगं मावशे, तुला नवरा न्हाई आन् पायात हे काय?"

"पाय माझे हायती, नवरा तिचा हाय," कोंडाबाई म्हणाली. "तुझं काय दुखतंय?"

*

परवाच्या मंगळवारी मंगल आली, मुलीला डोसाला घेऊन, सासूबरोबर. बाळंतपणानंतरही बीपी बघावं लागतं, म्हणून मी आधी तिलाच बसवलं. उतरलं होतं. चेहरा पुन्हा निमुळता, पाय सडसडीत, आणि बोटांत नवीकोरी जोडवी. नामदेवनं आणलेली.

"मग ती जुनी?" मी विचारलं.

मंगल उठली, सासूला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि तिचा दंड माझ्या टेबलावर ठेवला.

"सिस्टर, आत्याबाईंचं बी बघा. एकाच चुलीवरचं खातो आमी."

मी पट्टा गुंडाळला. कोंडाबाई समोर नातीकडं बघत बसली, तोंडातून एक शब्द नाही. एवढ्या वर्षांत बीपी घेताना गप्प बसलेली ही पहिलीच बाई. खाली फरशीवर तेवढी तिच्या हलत्या पायांतली ती जुनी जोडवी वाजत होती.