जिवंत बहिणीचं नाव

ब्रोन्या लांडाउनं हैफात चाळीस वर्षं बायकांचे कोट शिवले, आणि देवाला शिव्या घालण्यात एका दिवसाचाही खाडा केला नाही. ज्यूंच्या कडक उपासाच्या दिवशी ती मुद्दाम खिडकी उघडी टाकून कांदा परतायची. पण एक रीत मात्र तिनं पाळली. मुलाला नाव ठेवायचं ते घरातल्या गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं ठेवलं तर त्याचं आयुष्य खुडलं जातं. म्हणून एकोणपन्नास सालच्या मार्चमध्ये मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं फ्रिमेट. ब्रोन्याच्या धाकट्या बहिणीचं. युद्धात नाझींच्या छळछावणीच्या फलाटावर ती चौदा वर्षांची पोर मरणाच्या रांगेत गेली होती.

मुलगी आता अडतीस वर्षांची होती, वर्तमानपत्रात चित्रं काढायची. आईची हकीकत सांगणारं चित्रांचं पुस्तक तिनं करायला घेतलं होतं.

"ही कॉलर कुणी शिवली? आंधळ्यानं?" ब्रोन्या पानावर बोट आपटून म्हणाली.

"आई, मावशीचा चेहरा बघ ना."

"चेहरा बरा आहे. कोटाचं वाटोळं केलंयस."

शेवटच्या पानासाठी मावशीच्या मृत्यूची तारीख हवी होती. फ्रिमेटनं हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीला पत्र टाकलं. ब्रोन्यानं तसं पत्र कधीच टाकलं नव्हतं, छावण्यांतून जिवंत सुटलेल्यांच्या याद्यांत स्वतःचं नावही घातलं नव्हतं. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. आणि मला शोधायला उरलंय कोण?" असं ती म्हणायची.

उत्तर मंगळवारी आलं. ते आईपासून लपवावं असं फ्रिमेटला वाटलं, पण आईनं चष्मा लावून पत्र हिसकावलंसुद्धा. बहिणीला ऐन वेळी रांगेतून कामासाठी बाहेर काढलं होतं. ती वाचली. आजारी फुप्फुसं घेऊन स्वीडनला गेली. माझी बहीण ब्रोन्या कुठे आहे का, म्हणून तिनं तीनदा विचारणा केली. नऊ एप्रिल एकोणपन्नासला तिथल्या इस्पितळात वारली.

ब्रोन्यानं बोटांवर मोजलं. नाव ठेवलं होतं बारा मार्चला.

"चार आठवडे," ती म्हणाली. "मी नाव काढून घेतल्यावर चार आठवडे जगली ती."

"आई, तिला क्षय होता. आणि तू तर देवसुद्धा मानत नाहीस."

"देवाचा काय संबंध? हे मी केलं."

फ्रिमेट हादरून गेली. मारेकऱ्यांच्या हातून सुटलेली बहीण आपण मारली, असं आईला अगदी मनापासून वाटत होतं.

ब्रोन्या पुढे सहा वर्षं जगली. भांडायची, डबे भरभरून सूप पाठवायची, पण मुलीला नावानं हाक तिनं परत मारली नाही. शेवटच्या आजारात इस्पितळातली नर्स कागद भरायला आली आणि मुलीचं नाव विचारू लागली.

"तिला नाव नाही," ब्रोन्या म्हणाली. "ठेवलं होतं ते दुसरीचं होतं, आणि तिला ते अजून लागत होतं."

फ्रिमेट पलंगाशीच उभी होती.