वाढीसाठी चार बोटं

रंगरावांची कात्री वाचली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसाल आणि वर मलाच बोल लावाल.

रंगराव आमच्या सरस्वतीपुरममधले शिंपी. वय एकाहत्तर, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात टेप, कपाळावर बुक्का. त्यांचं घराणं म्हैसुरात कधी आलं हे त्यांनाही सांगता येत नाही, पण घरात मराठीच. आमच्याही घरात मराठीच. दोन्ही मराठींत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून आलेला माणूस तोंडाकडे बघत राहतो. ते मला टीचर म्हणतात, कारण पस्तीस वर्षं मी इथल्याच शाळेत गणित शिकवलं आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यांनी शिवलेल्या गणवेशात बसायची.

त्यांची पद्धत कधी बदलली नाही. पोराला समोर उभं करायचं, "सरळ उभा राहा, श्वास सोड" म्हणायचं, माप घ्यायचं आणि खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं ठेवायचं. वाढीसाठी. दर जूनला आया कपडे घेऊन यायच्या आणि शांताक्का, म्हणजे रंगरावांची बायको, दुमड उसवून एकेक बोट खाली सोडायची. हातशिलाई आणि काजं-बटणं पहिल्यापासून तिच्याकडे. जुनी दुमड होती तिथलं कापड उन्हाला लागलेलं नसायचं, त्यामुळे पायापाशी गडद पट्टा दिसायचा. एक पट्टा म्हणजे एक वर्ष. माझ्या मुलाच्या पॅन्टला तीन होते. वर्गात फळ्याकडे बघून कंटाळले की मी पोरांचे पट्टे मोजायची.

आता माझं. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, मी सायकल घेतली. गुरुराज म्हणून एक रिटायर्ड बँकवाले आहेत, त्यांनी आमच्यासारख्या नऊ जणांना जमवून एप्रिलच्या शेवटी सहा दिवसांची सहल ठरवली. हुणसूरच्या रस्त्याने निघायचं, कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, चढ चढायचे आणि परत यायचं. मागून जीप-बीप काही नाही. मागच्या कॅरियरला दोन पिशव्या, दोन्ही मिळून सहा किलो, त्यात जे मावेल ते आपलं. गुरुराजांनी फोनवर कपड्यांची यादी पाठवली तर त्यात अठरा कपडे! बँकेत हिशेब कसा करत होते कोण जाणे. तरी मी मॉलमध्ये जाऊन बघून आले. काळे, चकचकीत, अंगाला चिकटणारे कपडे. घालून आरशात बघितलं आणि मीच मला ओळख दाखवली नाही. आमचे तिरुमलराव बाहेर खुर्चीत बसले होते, ते म्हणाले, छान आहे, वरून पदर घे म्हणजे झालं. नवऱ्यांना अशा वेळी बोलायला सांगतं कोण?

मग गेले रंगरावांकडे. सगळं सांगितलं. सकाळी गार, दुपारी भाजणारं ऊन, कोडगूत संध्याकाळी पुन्हा गार. चौथ्या दिवशी देऊळ, पाचव्या दिवशी गुरुराजांच्या बहिणीकडे कॉफीच्या मळ्यात जेवण. संध्याकाळी धुतलेलं सकाळी वाळायला हवं. रंगरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले की पाच कपड्यांत होईल, सहावा नको.

पातळ पॉपलिनचे दोन शर्ट. बाह्या लांब, म्हणजे हात भाजायचे नाहीत. पण कोपराशी बटण, वर गुंडाळून अडकवता येतील अशा. बगलेत कळी, म्हणजे हात पुढे केला की ओढ बसायची नाही. दोन पॅन्ट, नाडीच्या, गुडघ्यापाशी बटणं लावून अर्ध्या करता येणाऱ्या. आणि एक कमरेला गुंडाळायचा घेर. देवळात पॅन्टवरून गुंडाळला की परकर, गारठ्यात खांद्यावर घेतला की शाल, आणि कपडे बदलायला आडोसा नसेल तर पडदा. मला पांढरे शर्ट हवे होते. त्यांनी हात हलवून 'बेडा' म्हटलं, म्हणजे नकोच. रस्त्याच्या धुळीचा रंग कुठला, तोच कपड्याचा ठेवायचा. चहात दूध जास्त झालं की होतो तसा रंग त्यांनी काढला. मला तो अजिबात आवडला नाही आणि ते अगदी बरोबर होते.

हे सगळं ते सांगत होते तेव्हा त्यांचा मुलगा नागराज दुसऱ्या टेबलावर कापत होता. पण मी निघाले तेव्हा माझ्याबरोबर फुटपाथपर्यंत आला आणि घोडं कुठे अडलंय ते मला कळलं. रंगरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर दोन तक्रारी आल्या. एकाची पॅन्ट एका पायात अर्धा इंच आखूड, दुसऱ्याचा खिसा तिरका. नागराजने वडलांना सांगून टाकलं होतं की तिसरी तक्रार आली की कात्री ठेवायची आणि बोगादीच्या नव्या घरात आरामात बसायचं. रंगरावांनी कबूल केलं होतं. नागराज वाईट नाही हो. गिऱ्हाइकं रेडीमेडकडे जातायत, तो घाबरलाय. पण एकाहत्तर वर्षांचा माणूस, ज्याला विठोबा आणि कात्री सोडून तिसरं काही येत नाही, तो बोगादीच्या बाल्कनीत बसून काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्यांची मापं घेणार?

आठ दिवसांनी कपडे मिळाले. घरात घालून बघितले तर उत्तम. फक्त शर्टाची खालची दुमड जाड लागली, पॅन्टचा नेफाही जाड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक कपडा तोलणारी बाई मी, मला ते खटकलं. पण म्हटलं, इरली, असू दे.

निघायच्या दोन दिवस आधी गुरुराजांनी सगळ्यांना भरल्या पिशव्यांसकट हिनकलच्या पुढे थोडं फिरवून आणलं. सपाट रस्त्यावर मी राणी. पुढे चढ लागला, मी हँडलवर वाकले, आणि शर्ट मागून वर सरकला, पॅन्ट खाली गेली. मध्ये चार बोटं पाठ उघडी. एका हाताने शर्ट ओढू की दोन्ही हातांनी हँडल धरू? मागून येणारे गुरुराज मान दुसरीकडे करून पुढे निघून गेले. ते हसले असते तर परवडलं असतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, ते पाठीमुळे नाही. ही तिसरी तक्रार होती.

घरी येऊन मी सगळे उपाय केले. शर्ट आत खोचला, पिना लावल्या, तिरुमलरावांचा बनियन आतून घातला. जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखी वाकले की सगळं पुन्हा बाहेर. आणि मॉलमधलं ते चकचकीत काही मी मेले तरी घालणार नव्हते. राहता राहिले दोनच रस्ते. सहल सोडायची नाहीतर रंगरावांना सांगायचं. सहलीसाठी मी चार महिने रोज पहाटे उठून सराव केला होता. तरी खरं सांगते, त्या दुपारी मी गुरुराजांना फोन लावला होता. त्यांनी उचलला नाही, एवढंच.

शेवटी नागराज जेवायला गेला असेल अशी वेळ साधून मी तोच शर्ट अंगात घालून सायकलवरूनच दुकानात गेले. नशीब बघा, नागराज टेबलाशीच. रंगरावांनी विचारलं, कसे झाले कपडे? मी म्हटलं, छान, फारच छान. वर्गात पस्तीस वर्षं पोरांची खोटी कारणं पकडली, पण स्वतः खोटं बोलले की माझी मान लाल होते हे साऱ्या सरस्वतीपुरमला ठाऊक आहे. रंगरावांनी मानेकडे बघितलं, मग मला पाठमोरं वळायला सांगितलं. ओढून ओढून शर्टाला मागे चुण्या पडल्या होत्या.

"टीचर, वाकल्यावर पाठ उघडी पडते ना?"

नागराजची कात्री थांबली. माझी मान आणखी लाल झाली, तेच उत्तर झालं. रंगरावांनी शांतपणे आपली कात्री उचलली, पुसली आणि मुलाच्या टेबलावर नेऊन ठेवली. "घे रे," एवढंच म्हणाले. शांताक्का कोपऱ्यात काजं करत होती, तिने सुई खाली ठेवली.

आणि मग मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येणार नाही, सगळ्यांचाच. मी नागराजला म्हटलं, मापाची वही काढ. काढली. म्हटलं, आता तू माझं माप घे. त्याने मला उभं केलं, "सरळ उभ्या राहा टीचर, श्वास सोडा" म्हणाला, आणि माप घेतलं. पाठ, कंबर, उंची. वहीशी ताडून बघितलं, पाव इंचाचा फरक नाही. शर्ट मोजला, तोही वहीबरहुकूम. डोळ्यांची चूक नव्हती, हाताची नव्हती.

"नागराजा, गणित बरोबर आहे," मी म्हटलं. "मी सायकलवर उभी राहून जाते का रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग वडलांकडे. पिढ्यान्‌पिढ्या या घरात उभ्या माणसाचं माप घेत आलेत, आणि आत्ता त्यानेही तेच केलं होतं. तो बाहेर गेला आणि माझी सायकल उचलून दुकानात घेऊन आला. दोन टेबलांच्या मध्ये ती कशीबशी बसली. त्याने मागून कॅरियर घट्ट धरला, मी चढले, हँडलवर वाकले, आणि रंगरावांनी मानेपासून खाली टेप सोडली. उभ्या मापापेक्षा चार बोटं आणि वर थोडं जास्त. त्यांनी ते दोनदा मोजलं आणि डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांत सुचलं नाही हो, असं म्हणाले, पण चेहरा उजळला होता.

पण हत्ती गेला नि शेपूट राहिलं. परवा पहाटे निघायचं, कापड संपलेलं, दुसरं धुऊन आकसवून शिवायला वेळ कुठला? सायकलवर बसल्या बसल्या माझा जीव पुन्हा वर-खाली. तेवढ्यात शांताक्का उठली, माझ्या शर्टाची खालची दुमड बोटांत धरली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी दुमडताना तुम्हाला बोलले होते की नाही? बासष्टीची बाई, वाढणार कुठे म्हणून?"

दुमडीत पूर्ण चार बोटं कापड होतं. नेफ्यातही तेवढंच. चाळीस वर्षं गणवेश शिवलेल्या हाताने मला सातवीतली पोरगी समजून वाढीसाठी सोडलेलं. नागराज म्हणाला की कपडे बघून त्यालाही ते कापड फुकट गेल्यासारखं वाटलं होतं. रंगराव ओशाळून म्हणाले, हाताची सवय आहे टीचर. माझा जीव भांड्यात पडला होता, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी सायकलवरून उतरायच्या निमित्ताने पुसलं. शांताक्का दुमडी उसवायला बसली. नागराजने टेबलावरची कात्री उचलली आणि वडलांच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला, तिच्या जागी, परत अडकवली.

सहा दिवस मस्त गेले. पिशव्या पाच किलो आठशे भरल्या. कोडगूच्या चढावर मी हवी तेवढी वाकले, शर्ट जागचा हलला नाही. देवळात घेर गुंडाळला, मळ्यात जेवताना तोच खांद्यावर घेतला, आणि गुरुराजांच्या बहिणीने विचारलं की हा सेट कुठून घेतला. पहिले तीन दिवस सोडलेलं कापड मी पॅन्टमध्ये खोचलं होतं; चौथ्या दिवशी बाहेर काढलं, तर वरचा शर्ट उन्हाने विटलेला आणि जुनी दुमड होती तिथून खाली गडद पट्टा. मागून येणाऱ्या गुरुराजांनी या वेळी मान वळवली नाही, सरळ विचारलं की शर्टाला मागे हा पट्टा कसला.

"यंदा वाढले," मी म्हटलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून दुकानात गेले. दोन्ही टेबलं भिंतीला सरकवली होती. मध्ये एक जुनी सायकल स्टँडवर उभी, तिच्यावर आमच्या सहलीतले मल्हारराव पोट सांभाळत वाकलेले, मागून नागराजने कॅरियर धरलेला, आणि रंगराव टेप सोडत होते. माझ्याकडे वळून त्यांनी आधी शर्टाचा पट्टा बघितला, बोटाने चाचपला.

"टीचर," ते म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्याला सहा बोटं सोडतो."