सारजाकाकूंचा फोन घरीच होता

सास्तूरचे रामकिसनतात्या आमचे शेजारी. वीज खात्यातले रिटायर्ड वायरमन आणि एक नंबरचे खटपटे. त्यांच्या बायकोला, सारजाकाकूंना, विसरण्याचा आजार लागला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, औषधानं फार काही होणार नाही, एकटं सोडू नका. आणि काकू तर दार उघडं दिसलं की चालायलाच लागायच्या. एकदा लोहाऱ्याच्या रस्त्यावर सापडल्या, भर उन्हात, अनवाणी. तेव्हापासून तात्यांना एकच धास्ती, ही एक दिवस हरवणार.

मग तात्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघूनबघून एक यंत्रणा बसवली. घरात इंटरनेटचा राउटर होताच, तो एका छोट्या कॉम्प्युटरला जोडला. काकूंचा फोन वायफायच्या टप्प्यात असला की तात्यांच्या फोनवर 'घरी' दिसायचं. टप्प्याबाहेर गेला की 'बाहेर', आणि ओसरीवरची घंटा ठणाणा. फोन कायम अंगावर राहावा म्हणून तो काकूंच्या कमरेच्या चंचीत ठेवला, पान-तंबाखूच्या शेजारी.

सुरुवातीला नुसती फजिती. फोन जरा निपचित पडला की वायफाय सोडायचा, घंटा वाजायची, तात्या हातातला घास टाकून धावायचे. काकू अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. "साळा सुटली व्हय?" त्या विचारायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. तात्यांनी फोनची बॅटरी-बचत बंद केली, फोन दिसेनासा झाल्यावर थोडं थांबून मगच घंटा वाजावी असं केलं, आणि गाडी रुळावर आली. माणूस पुन्हा नीट जेवायला लागला.

गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याबरोबर मोटारसायकलवर उमरग्याला आले. लाइट गेली तरी राउटर चालावा म्हणून त्यांना बॅटरी हवी होती. दुकानात फोन बघितला, 'घरी'. चहा पिताना बघितला, 'घरी'. परत आलो तर दार सताड उघडं, ओट्यावर पुरणाचं पातेलं आणि खुंटीला चंची. फोन चंचीत.

राउटरला काय शिव्या द्यायच्या? तो खरंच बोलत होता. मला राग आला तात्यांचा. तंबाखूची चंची कमरेला ठेवून काकू कधी नैवेद्याला हात लावतील? जन्म एकत्र काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?

तात्या आल्या पावली माघारी वळले. "जुनं गावठाण," एवढंच म्हणाले.

त्र्याण्णवचा भूकंप गणपती बोळवले त्याच रात्री झाला. त्यात त्यांची चार वर्षांची मंदा गेली. दरवर्षी त्या दिवशी काकू पुरणपोळी करायच्या आणि जुनं घर होतं तिथं नैवेद्याचं पान ठेवून यायच्या. दिवस लक्षात ठेवायचं काम त्यांचं, तात्या नुसते मागं जायचे.

गावठाणात बाभळींच्या आड, दगडांच्या ढिगापुढं काकू बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, समोर पानावर पोळी. तात्यांना बघून म्हणाल्या, "आज पोरीचं पान. तुमी इसरलाव व्हय?"

तात्या मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मला ते बघवेना.

काकूंनीच त्यांना हात देऊन उठवलं, पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आम्ही निघालो. चार पावलं गेलो असू, तोच काकू थांबल्या.

"आवो, पाय उचला की. मंदा घरात एकटीच हाय."

तात्यांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"व्हय," ते म्हणाले, "चला."